काम सांगितलं, पण झालं का?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावरच्या कोडच्या ओळी वक्त्याने जशा वाचून सांगितल्या तशाच घेतल्या आहेत.)

व्याख्यानमालेत समीक्षा म्हटलं की कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, फार तर एखादा सिनेमा. आज मी समीक्षेला घेतलंय एक फंक्शन. पायथन भाषेतलं, ‘सबप्रोसेस डॉट रन’ नावाचं. हसू नका. लोकांनी लिहिलेली आणि लाखो लोकांनी रोज वापरलेली ती एक कृती आहे. तिच्यात लेखकांनी काही गोष्टी पुढे आणल्या आहेत, काही मागे ढकलल्या आहेत. समीक्षक दुसरं काय बघतो?

जे प्रोग्रॅमिंग करत नाहीत त्यांच्यासाठी आधी काम काय ते सांगतो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. यादीतलं सगळं ती स्वतः करत नाही. फोटो लहान करायचाय, त्याचा वेगळा प्रोग्रॅम असतो. डेटाबेसची नक्कल काढायचीय, त्याचा वेगळा. स्क्रिप्ट त्यांना हाक मारते, काम सांगते, थांबते, आणि ते जे म्हणतील ते टिपून घेते. बाहेरची कमांड चालवायची आणि तिचा निकाल हातात घ्यायचा, एवढाच विषय.

आता ‘निकाल’ हा शब्द फसवा आहे. घरातल्या पोराला वाण्याकडे पाठवलं तर तो परत येताना तीन गोष्टी आणतो. पिशवीतलं सामान. ‘गूळ संपलाय म्हणाला’ ही तक्रार. आणि तिसरं, काम झालं की नाही. युनिक्समध्ये नेमक्या याच तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी परत येतात. सामान येतं ‘स्टँडर्ड आउटपुट’मधून. तक्रार येते ‘स्टँडर्ड एरर’मधून. आणि काम झालं का, याचं उत्तर एका आकड्यात येतं, त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे झालं. १ ते २५५ यातलं काहीही म्हणजे काहीतरी राहिलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. बाहेरची कमांड चालवण्याची जी जी सोय आजवर झाली, तिने सामान तुमच्या हातात अगदी तत्परतेने ठेवलं. तक्रार आणि निकाल मात्र ‘हवं असेल तर मागा’ या खात्यात टाकले. आणि ज्याला मागायचं असतं हे माहीत नाही, तो कशाला मागेल?

तक्रारीची वाट वेगळी का झाली, त्याची एक गंमत आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये सामान आणि तक्रार एकाच वाटेने यायचे. बेल लॅब्समध्ये तेव्हा फोटोटाइपसेटर होता, म्हणजे छपाईसाठी फोटोच्या कागदावर मजकूर उमटवणारं यंत्र. काम पाठवायचं, ताटकळत बसायचं, आणि हातात सुबक अक्षरात जुळवलेली एरर मेसेजची एकच ओळ यायची. असं अनेकदा झाल्यावर तक्रारीला स्वतंत्र वाट दिली गेली, अशी आठवण तिथल्या स्टीफन जॉन्सन यांनी सांगितली आहे. हे लक्षात ठेवा. सामान आणि तक्रार एकत्र करू नये हा धडा कागद वाया घालवून शिकलेला आहे, आणि पुढे बऱ्याच जणांनी तो खुशाल विसरलेला आहे.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचं शेल आलं. त्यात उलट्या स्वल्पविरामासारखी ती तिरकी खूण, बॅकटिक. दोन बॅकटिकांच्या मध्ये कमांड लिहिली की तिचं आउटपुट त्या जागी येऊन बसतं. पुढे पर्लने ती खूण घेतली, रुबीने घेतली, पीएचपीने घेतली. सोय म्हणून ती अफलातून आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती वाचताना काय वाटतं बघा. वाटतं, ही किंमत आहे. जणू दोन अधिक दोन लिहिलं आणि चार आले. दुसऱ्या कुणाला तरी काम सांगितलंय आणि ते फसू शकतं, याचा मागमूस त्या खुणेत नाही. एक्झिट कोड मिळतो, पण बाजूच्या एका चिन्हात, आणि पुढची कमांड चालली की तो पुसला जातो.

बॅशमध्ये तर आणखी एक खोडी आहे. फंक्शनच्या आत ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट नावात भरलंत, तर परत येणारा कोड असतो ‘लोकल’ या शब्दाचा. ‘लोकल’ कशाला फसेल? शून्य. आतली कमांड आपटली तरी शून्य. नाव एका ओळीत जाहीर करा आणि दुसऱ्या ओळीत भरा, की तोच कोड नीट येतो. दोन ओळींची एक ओळ केल्याने निकाल बदलतो. अशा जागी मला वापरणाऱ्याला दोष देववत नाही.

पीएचपीचं उदाहरण तर नमुनेदार आहे. तिथलं ‘शेल एक्झेक’ हे फंक्शन एरर आली तरी ‘नल’ देतं आणि कमांडने काहीच छापलं नाही तरी ‘नल’ देतं. मॅन्युअल स्वतःच सांगतं की या फंक्शनवरून कमांड फसली का हे ओळखता येत नाही. प्रांजळपणाबद्दल कौतुक, पण मग हे फंक्शन लिहिलं कशासाठी?

पाइपची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण नुकसान तिथे होतं. पाइप म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीच्या तोंडी. १९७३ पासून युनिक्सचा हा अभिमानाचा दागिना, आणि रास्त अभिमान. आता रात्रीचा बॅकअप घ्या. डेटाबेसची नक्कल काढणारी कमांड, तिच्यापुढे पाइप, आणि पाइपच्या पलीकडे नक्कल आवळून फाइलमध्ये भरणारा जीझिप. पहिली कमांड पासवर्ड चुकल्यामुळे दारातच अडखळली. जीझिपला काय मिळालं? काहीच नाही. त्याने ते ‘काहीच नाही’ इमानेइतबारे आवळलं, फाइल बनवली आणि शून्य सांगून मोकळा झाला. शेलची रीत अशी की अख्ख्या रांगेचा निकाल म्हणजे शेवटच्याचा निकाल. म्हणून स्क्रिप्टच्या लेखी बॅकअप झाला. फाइल आहे, नाव बरोबर आहे, तारीख बरोबर आहे. आकार २० बाइट. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल तेवढीच भरते. फोल्डर उघडून फक्त नावं बघणाऱ्याला ते २० बाइट कधी दिसत नाहीत.

यावर उपाय आहे, ‘पाइपफेल’ नावाचा. तो चालू केला की रांगेतली कुठलीही कमांड फसली तर रांग फसली असं धरलं जातं. बॅशमध्ये तो २००४ पासून आहे. पॉसिक्स या प्रमाणग्रंथात यायला २०२४ उजाडलं. पाइप आल्यापासून पन्नास वर्षं! आणि आजही तो आपणहून चालू नसतो, मागावा लागतो.

आता मुख्य कृतीकडे येऊ. पायथनचा प्रवास मला एखाद्या लेखकाच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्यांसारखा वाटतो. पहिली आवृत्ती ‘ओएस डॉट सिस्टम’. कमांड एका वाक्यात द्या, ती चालते. आउटपुट हातात येत नाही, पडद्यावर जातं. परत येतो एक आकडा. आता इथे नीट ऐका. लिनक्सवर कमांडने १ हा एक्झिट कोड दिला तर ‘ओएस डॉट सिस्टम’ देतं २५६. कारण ते ऑपरेटिंग सिस्टिमचा कच्चा आकडा तसाच पुढे सरकवतं आणि त्यात एक्झिट कोड आठ घरं डावीकडे असतो. एखादा काळजीवाहू माणूस म्हणतो, कमांड फसली तर माझ्या स्क्रिप्टनेही तोच आकडा देऊन संपावं. म्हणून तो ‘सिस डॉट एक्झिट’ला २५६ देतो. एक्झिट कोडला जागा आठ बिटांची. २५६ तिथे मावत नाही, उरतं शून्य. म्हणजे ज्याने काळजी घेतली त्याच्याच स्क्रिप्टने ‘सगळं ठीक’ सांगितलं. ज्याने काळजीच घेतली नाही त्याचीही स्क्रिप्ट तेच सांगते. हा आकडा उलगडून देणारं तयार फंक्शन पायथनमध्ये २०२० साली, ३.९ आवृत्तीत आलं.

मग ‘पोपेन’ आणि त्याची भावंडं, पोपेन दोन, तीन, चार. यातली काही ‘ओएस’ मॉड्यूलमध्ये आणि त्याच नावाची काही ‘पोपेन२’ या मॉड्यूलमध्ये, आणि परत येणाऱ्या गोष्टींचा क्रम दोन ठिकाणी वेगळा. एकीकडे आत जाणारी वाट आधी, दुसरीकडे बाहेर येणारी आधी. एक्झिट कोड हवा असेल तर साध्या ‘पोपेन’मध्ये तो फाइल बंद करताना मिळतो, ‘क्लोज’चं उत्तर म्हणून. ‘क्लोज’चं उत्तर कोण बघतं हो? दार लावताना दार काही बोललं का, हे आपण ऐकतो का? शिवाय ‘कमांड्स’ मॉड्यूलमधलं ‘गेट-आउटपुट’. त्याने सामान आणि तक्रार परत एकत्र केली. फोटोटाइपसेटरचा धडा पाण्यात.

२००३ मध्ये पीटर ऑस्ट्रांड यांनी या गोंधळावर प्रस्ताव लिहिला, क्रमांक ३२४. त्यातून २००४ मध्ये ‘सबप्रोसेस’ मॉड्यूल आलं. ते चांगलं काम आहे, मन लावून केलेलं. त्यातला सगळ्यात मोलाचा निर्णय हा की मध्ये शेल आपणहून येणार नाही. जुन्या रीतीत कमांड हे एक वाक्य असायचं आणि शेल ते वाचायचं. आता फाइलचं नाव ‘वार्षिक अहवाल’ असेल तर शेल मधली मोकळी जागा बघून दोन फाइली समजतं. आणि नाव बाहेरच्या कुणी दिलेलं असेल, त्यात अर्धविराम टाकून पुढे ‘सगळं पुसून टाक’ अशी कमांड लिहिली असेल, तर शेल तीही चालवतं. शेलची चूक नाही, त्याचं कामच ते. सबप्रोसेसमध्ये तुम्ही यादी देता, कमांड पहिली, मग एकेक शब्द वेगळा. नावात काहीही असो, ते नावच राहतं. शेल हवंच असेल तर ‘शेल बरोबर ट्रू’ असं लिहून मागावं लागतं. म्हणजे धोक्याची वाट मागावी लागते आणि सुरक्षित वाट आपोआप मिळते. उत्तम.

पण मग याच लेखकमंडळींनी निकालाच्या बाबतीत उलटं का केलं?

२०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत ‘रन’ आलं. आधीची ‘कॉल’, ‘चेक-कॉल’, ‘चेक-आउटपुट’ ही तिघं त्यात सामावली. ‘रन’ एक वस्तू परत देतं, तिच्यात तीन कप्पे: आउटपुट, एरर, कोड. पहिल्यांदाच तिन्ही गोष्टी एका ताटात. मला वाटतं, पायथनच्या या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत समजूतदार पान आहे. आणि त्याच पानावर एक ओळ अशी की ‘चेक’ आपणहून फॉल्स. म्हणजे कमांड फसली तर ‘रन’ गप्प राहतं. कोड कप्प्यात असतो, पण तुम्ही कप्पा उघडलात तर. नाही उघडलात तर स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाते, रिकामं आउटपुट घेऊन, आणि ‘ग्राहक शून्य’ असा अहवाल छापते.

याच्या बाजूने जे म्हटलं जातं ते मी टाळणार नाही, कारण ते पोकळ नाही. ग्रेप ही शोधण्याची कमांड. काही सापडलं नाही तर ती १ देते, खरंच काही बिघडलं तर २. डिफ दोन फाइली वेगळ्या असतील तर १ देते. इथे १ म्हणजे अपयश नाही, उत्तर आहे. मग प्रत्येक बिनशून्य कोडवर आरडाओरड केली तर ग्रेपवाल्यांना त्रास. मान्य. पण हिशेब करा. ग्रेप आणि डिफ ही नावाजलेली अपवादं आहेत, ती वापरणारा माणूस मॅन्युअल उघडतो. नक्कल करणारी, आवळणारी, पाठवणारी, बदलणारी कमांड वापरणारा माणूस उघडत नाही. डिफॉल्ट असतं ते मॅन्युअल न उघडणाऱ्यासाठी. अपवादाची सोय नियमाच्या जागी बसवली, हा माझा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप याहून बारीक आहे आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. समजा तुम्ही शहाणे आहात. ‘कॅप्चर-आउटपुट ट्रू, चेक ट्रू’ दोन्ही लिहिलंत. पहिली सोय २०१८ मध्ये, ३.७ पासून आली. आता कमांड फसली. पायथन एरर उठवतं. त्या एररच्या वाक्यात काय असतं? अमुक कमांडने बिनशून्य कोड दिला, १. बस. का फसली, ते कमांडने सांगितलेलं असतं, ‘पासवर्ड चुकला’ किंवा ‘डिस्क भरली’. पण तुम्ही कॅप्चर लावल्यामुळे ते पडद्यावर गेलं नाही. आणि एररच्या वाक्यात ते छापलं जात नाही, ते एररच्या पोटात एका कप्प्यात पडून राहतं. म्हणजे कॅप्चर लावलं नसतं तर कारण निदान पडद्यावर दिसलं असतं! जास्त काळजी घेतल्याबद्दल कमी माहिती. रात्री तीनला लॉग उघडून बसलेल्या माणसाला ‘१’ हा आकडा कळतो आणि तोंडावर बोट ठेवून उभी असलेली कमांड दिसते. गो भाषेने पहिल्या आक्षेपावर चांगलं उत्तर दिलंय, तिथे एरर परत येतेच आणि ती टाळायची तर तसं लिहून टाळावं लागतं. पण दुसऱ्या बाबतीत तीही तशीच, संदेशात फक्त ‘एक्झिट स्टेटस १’.

आता थोडं आपल्याविषयी, म्हणजे देवनागरीत फाइली ठेवणाऱ्यांविषयी. कमांडकडून येतात ते बाइट. त्यांचा मजकूर करायचा तर लिपीची कुठली सारणी लावायची हे ठरवावं लागतं. ‘टेक्स्ट ट्रू’ म्हटलं की पायथन त्या यंत्राची नेहमीची सारणी लावतं. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर ती बहुधा जुनी १२५२ क्रमांकाची. कमांडने यूटीएफ-८ मध्ये ‘मराठी’ शब्द छापला, तर त्याचे पंधराही बाइट या सारणीत कुठल्या ना कुठल्या युरोपीय चिन्हावर बसतात. एरर येत नाही, कचरा येतो. ‘महाराष्ट्र’ छापला तर मात्र स्क्रिप्ट कोसळते, कारण हलन्त चिन्हाचा शेवटचा बाइट त्या सारणीतल्या रिकाम्या घरावर पडतो. जोडाक्षर असलं तर कोसळणार, नसलं तर बहुतेक वेळा गुपचूप बिघडणार. चाचणीला ‘मराठी’ आणि ‘नमन’ असे सरळ शब्द घेणाऱ्याला कधी कळायचंच नाही. उपाय सोपा आहे, सारणी नाव घेऊन सांगा, ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’.

तसंच तुकड्यांचं. कुणी आउटपुट ४,०९६ बाइटांच्या घासांत वाचतं आणि प्रत्येक घास लगेच मजकुरात बदलतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, अक्षर असो वा मात्रा, तीन बाइटांची. ४,०९६ ला तिनाने भागा, एक उरतो. सलग मजकुरात १,३६५ खुणा पूर्ण आणि पुढचीचा एकच बाइट. इंग्रजीत हा प्रश्न येतच नाही, म्हणून शिकवण्यांमध्ये तो नसतो. आणि गिटला फाइलींची नावं विचारून पाहा. मूळ मांडणीत ‘म’ च्या जागी तीन तिरक्या रेघा आणि ३४०, २४४, २५६ असे आकडे येतात. माणसाला वाचायला दिलेलं आउटपुट आपण यंत्राला वाचायला लावतो तेव्हा असं होतं.

शेवटचं उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७. एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा चालू डेटाबेस पुसला गेला. होतं असं. बॅकअप बघायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. रोजचा बॅकअप ‘पीजी-डंप’ या बाहेरच्या कमांडने घेतला जायचा. डेटाबेस होता ९.६ आवृत्तीचा, चालवली जात होती ९.२ ची पीजी-डंप. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून ती एरर देऊन थांबायची. म्हणजे कमांड खोटं बोलली नाही. रात्रीच्या कामाने फसल्याची मेलही पाठवली. पण त्या मेलवर आवश्यक ती सही नव्हती, म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने ती नाकारली. तक्रार निघाली, दारापर्यंत आली, आणि दारातून परत गेली. शेवटी सुमारे सहा तास आधी घेतलेल्या डिस्कच्या एका नकलेवरून काम भागलं. मधल्या वेळातले सुमारे पाच हजार प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि सातशे नवी खाती यांना फटका बसला. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं, डेटा परत आणण्याचं काम तर थेट प्रक्षेपित केलं. त्यामुळेच आपण आज त्यावर बोलू शकतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका श्रोत्याने विचारलं: ‘रन’ला वेळेची मर्यादा दिली तर अडकलेली कमांड नक्की थांबते का?)

चांगला प्रश्न. साधी कमांड असेल तर थांबते. पण ‘शेल ट्रू’ लावलं असेल तर तुमचं मूल म्हणजे शेल, आणि खरी कमांड म्हणजे नातवंड. वेळ संपली की पायथन मुलाला मारतं. नातू जिवंत राहू शकतो, आणि आउटपुटच्या पाइपचं टोक त्याच्या हातात असतं. लिनक्सवर २०१९ पर्यंत ‘रन’ ते टोक बंद होण्याची वाट बघत बसायचं. म्हणजे दहा सेकंदांची मर्यादा दिलीत आणि स्क्रिप्ट तासभर अडकली, असं तेव्हा होऊ शकायचं. दोन गोष्टी करता येतात. शेल मध्ये आणू नका, यादी द्या. आणि आणावंच लागलं तर ‘स्टार्ट-न्यू-सेशन ट्रू’ देऊन कमांड वेगळ्या गटात सुरू करा. मात्र ‘रन’ तेव्हाही एकट्या मुलालाच मारतं, त्यामुळे तिथे ‘रन’ सोडून ‘पोपेन’ वापरा, आणि वेळ संपली की ‘ओएस डॉट किल-पीजी’ने अख्ख्या गटाला संदेश पाठवा. दुसरी वाट थोडी लांबची आहे, पण नातवंडं मागे राहत नाहीत.